शेटेअप्पांचा तांब्या

मन्मथ शेटे गेले तेव्हा लातुरात शोकसभा झाली. जो बोलायला उठला त्याने निष्ठा हा शब्द वापरला. अप्पांनी एका पिढीला निष्ठा शिकवली, असं एका प्राचार्यांनी सांगितलं. रक्तापलीकडचं कुटुंब काय असतं ते अप्पांच्या लेखणीने मराठवाड्याला दाखवलं, असं आणखी कोणी म्हणालं. मी मागच्या रांगेत होतो. मला बोलायला सांगितलं नाही, हे बरं झालं. अप्पांच्या शेजारच्या टेबलावर मी काही वर्षं काम केलं आहे, आणि शेजारच्या टेबलावरून जे दिसतं ते शोकसभेत सांगायचं नसतं. म्हणून इथे सांगतो.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून वर लातूर लिहिलं होतं आणि उन्हाने रंग उडाला की खालचं उस्मानाबाद पुन्हा डोकं वर काढत होतं. आमचं दैनिक नांदेडला छापलं जाई. जिल्हा झाल्यावर मालकांनी लातुरात कार्यालय काढलं. कार्यालय म्हणजे कापड दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या, टेबलं, एक फोन आणि एक माठ. दिवसभराच्या बातम्यांचं पाकीट दुपारच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं. ते अहमदपूर, लोहा करत संध्याकाळी नांदेडला पोचायचं. बुधवारच्या पाकिटात अप्पांची कादंबरी असे.

‘काळ्या गढीची पोरं’ हे तिचं नाव. रविवारच्या पुरवणीत ती क्रमशः येई आणि कॉलेजातल्या मुलामुलींमध्ये तिचा बोलबाला होता. मांजरा नदीकाठची एक पडकी गढी, तिच्यात घर नसलेली पाच पोरं, आणि त्यांचा म्होरक्या रुद्र. रुद्रच्या भुवईवर वण होता आणि तो फार कमी बोलायचा. सूड म्हणून तो एका सावकाराच्या मुलीला, यामिनीला, पळवून आणतो आणि तळघरात कोंडतो. कोंडल्याबरोबर ती त्याच्या प्रेमात पडते. यापुढे शंभरेक पानं तळघर, वादळ, चाकू, अश्रू. गढीचा एक रिवाज होता. आश्रयाला येईल त्याला तांब्याभर पाणी द्यायचं. त्याने तांब्याला तोंड लावून प्यायचं, मग त्याच तांब्याने रुद्र प्यायचा आणि म्हणायचा, “प्यालास? आता तू आमचा.” एकदा हे शब्द उच्चारले की प्राण गेला तरी त्या माणसाला कोणाच्या हवाली करायचं नाही.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातुरात टँकर फिरत होते, विहिरींच्या तळाला माणसं उतरत होती, आणि काळ्या गढीवर मात्र प्रत्येक प्रकरणात धो-धो पाऊस पडत होता. मी एकदा विचारलं तर अप्पा म्हणाले, “वातावरण लागतं हो. टँकरात काय वातावरण हाय?”

अप्पा रंगाने उजळ, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. मन्मथ हे नाव त्यांच्या घराण्यात संताच्या नावावरून ठेवलेलं होतं. त्यांनी मात्र ते मदनाचं समजून वापरलं. अंगात काळा कोट. पुरवणीत छापलेल्या फोटोत कोट होता, म्हणून लातूरच्या उन्हाळ्यातही तो अंगावरून उतरत नसे. मानेवरून घामाचे ओघळ चालले आहेत आणि हे हिरव्या शाईने लिहीत आहेत, ‘रुद्रच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.’ माडीच्या जिन्यात पाल दिसली की ते खालून हाक मारत आणि कोणीतरी झाडू घेऊन गेल्याशिवाय वर येत नसत. अंधार पडल्यावर बाजारातून एकटे जात नसत, कारण तिथे कुत्री असत. सख्ख्या भावाशी त्यांचं बोलणं नव्हतं. उदगीरच्या घराच्या वाटणीत मधली भिंत कोणाच्या बाजूला धरायची यावरून ते थांबलं होतं. वाचकांच्या पत्रांना मात्र ते न चुकता उत्तर देत. पत्र मुलीचं असलं की मायना ‘प्रिय यामिनी’ असे, मग तिचं नाव काहीही असो.

अडचणीचा कुठलाही प्रसंग आला की ते ‘आलोच’ म्हणत. अप्पा ‘आलोच’ म्हणाले की त्या दिवशी ते परत येणार नाहीत, हे आम्ही समजून होतो.

संपादकांनी एकदा त्यांना देवणीकडच्या चारा छावणीवर लिहायला सांगितलं. तिकडची जनावरं नावाजलेली, ती छावणीत कशी आहेत ते बघून या, एवढंच. अप्पा चौकापर्यंत जाऊन आले आणि संध्याकाळी मजकूर दिला. त्यात शेण उचलणाऱ्या एका तरुणीच्या डोळ्यांवर मोठा परिच्छेद होता. बैलांचा उल्लेख शेवटी होता. ते हिरव्यागार कुरणात चरत होते.

एका बुधवारी पाकीट नांदेडला पोचलंच नाही. लोह्याला बस बिघडली आणि प्रवाशांबरोबर कंडक्टरही दुसऱ्या गाडीने निघून गेला, पाकीट बिघडलेल्या बसमध्येच राहिलं. पुरवणी तर काढायची होती. नांदेडच्या उपसंपादकाने चहा पिता पिता स्वतःच प्रकरण लिहून टाकलं. पाऊस, तळघर, तांब्या, एक थप्पड, एक मिठी. वाचकांच्या काही लक्षात आलं नाही. अप्पांनी रविवारी ते स्वतः वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, “हे प्रकरण बरं जमलंय.” खरी गोष्ट त्यांना मंगळवारी कळली. त्यावर ते आठवडाभर नांदेडशी बोलले नाहीत.

वाचक कार्यालयात येऊ लागले होते. बहुतेक पोरं, घोळक्याने. अप्पांना ते आवडायचं. ते खुर्चीतून सावकाश उठायचे, माठातून तांब्या भरायचे, दोन्ही हातांनी पुढे करायचे. पोरगा लाजत प्यायचा, मग अप्पा स्वतः दोन घोट घ्यायचे आणि आवाज खाली उतरवून म्हणायचे, “प्यालास? आता तू आमचा.” पोरं खिदळायची, सही घ्यायची आणि जायची. दिवसाला माठ एकदाच भरला जाई आणि त्यातलं निम्मं पाणी या निष्ठेत खर्च होई. आम्ही बाकीचे खाली चहा पिऊन भागवायचो.

असंच एका दुपारी एक मुलगी वर आली. हातात कापडी पिशवी, पायात झिजलेली चप्पल. बारावीला होती, नाव सुमन. गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूचं.

“शेटेअप्पा तुम्हीच का?”

“मीच की. बस, बस.”

“पाणी मिळंल का?”

अप्पा उठले. तांब्या भरला, दोन्ही हातांनी पुढे केला. तिने तोंड लावून पाणी प्यायलं. अप्पांनी तांब्या घेतला, दोन घोट प्यायले, आवाज उतरवला. “प्यालीस? आता तू आमची.”

मुलगी हसली नाही. सहीही मागितली नाही. तिने पिशवी बाकाखाली सरकवली आणि विचारलं, “मग मी कुठं राहू?”

अप्पांना आधी कळलंच नाही. “म्हणजे?”

“काकाच्या घरून निघून आले. परत जात न्हाई. निलंग्याच्या एका बिजवराशी ठरवून राहिले माझं. त्याची पोरगी माझ्याएवढी हाय.”

“अगं, पण ती गोष्ट हाय बाई,” अप्पा म्हणाले. “कादंबरी. गढीबिढी काही न्हाई.”

“गढी न्हाई ते ठाऊक हाय मला. येडी न्हाई मी. पण आत्ता तुम्हीच म्हणलात ना, तोंडानं? की आता तू आमची?”

खोलीतला पंखा वीज गेल्यामुळे बंद होता. अप्पांनी कोटाचं वरचं बटण उघडलं, पुन्हा लावलं. मग टेबलावरचं पाकीट उचललं. बुधवार होता.

“हे आज मीच नेतो नांदेडला. कंडक्टरचा काही भरवसा न्हाई,” ते म्हणाले, आणि जिन्यात पोचल्यावर तिच्याकडे न बघता, “आलोच.”

मुलगी बाकावर बसून राहिली. तिला वाटलं खरंच येतील. थोड्या वेळाने तिने मला विचारलं की अप्पा खरंच नांदेडला गेलेत का. मी सांगितलं, हो, आणि आज येणार नाहीत. तिने पिशवी पायाने आणखी आत सरकवली. मग म्हणाली, “त्यांना एक सांगायचं राहिलं. ते रुद्र यामिनीला कोंडतो ते लिहू नका म्हणावं. मला काकानं कोंडलं होतं कडब्याच्या खोलीत. कोंडल्यावर प्रेमबीम काही येत न्हाई. लघवीला येते.”

‘काळ्या गढीची पोरं’ या कादंबरीवर मराठवाड्यात पुढे बरंच लिहिलं गेलं. इतकं नेमकं परीक्षण माझ्या वाचनात नाही.

लातुरात कोणी ओळखीचं आहे का, असं मी विचारलं. होत्या, वसतिगृहातल्या दोन मैत्रिणी. शोभा मुरुडची, रझिया देवणीची. वसतिगृहाची विहीर आटली म्हणून मुलींना घरी पाठवलं होतं. या दोघींनी घरी न जाता एका गल्लीत खोली घेतली होती. मग तू आधी तिकडे का नाही गेलीस?

“त्यांना टँकरचं दोन घागरीच पाणी मिळतंय. दोघींपुरतं. त्यात मी कुठं?”

चहावाल्याबरोबर निरोप धाडला. अर्ध्या तासात दोघी एका सायकलवर हजर. शोभाने दारातूनच सुरुवात केली.

“येडी हैस का ग तू? दोन घागरीत तिघी न्हाई भागत व्हय? आंघोळ न्हाई करायची एक दिवसाआड, झालं!”

“तशी पण ही कुठं रोज करते,” रझिया म्हणाली. तिने बाकाखालची पिशवी ओढून सायकलच्या हँडलला अडकवली. तिघी चालत गेल्या. तांब्याचा विषय कोणी काढला नाही.

अप्पा शनिवारी उगवले. त्याच दिवशी शोभा माडीवर आली. सुमन आमच्या खोलीवर आहे, सुखरूप आहे, हे सांगायला. खोलीचा पत्ताही तिने खाणाखुणांसकट सांगितला. “तुम्ही काळजीत असाल म्हणून,” ती म्हणाली. हे तिने मनापासून म्हटलं होतं. अप्पांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि तिला कादंबरीच्या कात्रणावर सही करून दिली.

रविवारच्या प्रकरणात सावकाराच्या माणसांनी रुद्रला धरलं होतं. त्याची नखं उपटली, पाठीवर निखारे ठेवले. गढीत लपलेल्या मुलाचं नाव त्याने सांगितलं नाही.

सोमवारी सुमनचा काका आला. बरोबर त्या बिजवराचा भाऊ. पोरीच्या उशाखाली कादंबरीची कात्रणं सापडली, त्यावरून ते माडीपर्यंत आले होते. काका उंच, आडव्या हाडाचा, आवाज चढलेला. अप्पा उठून अर्धे मागच्या खोलीत गेले होते, तेवढ्यात काकाने त्यांचं कपाळ पाहिलं.

“शरणार्थ अप्पा,” तो म्हणाला. लिंगायतांचा हा आपसातला नमस्कार.

“शरणार्थ, शरणार्थ.” अप्पा परत आले. “कुठले म्हणायचे आपण?”

मग जे झालं ते आमच्याकडे दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसली की होतंच. गाव विचारलं, आडनाव विचारलं, मामाचं कूळ विचारलं. अप्पांच्या मावशीची नणंद काकाच्या चुलत घरात दिलेली निघाली. चहा सांगितला गेला. बिजवराचा भाऊ तर आणखी जवळचा निघाला. आवाज खाली आले, मांड्या पसरल्या, सुपारी निघाली. चहाचा कप संपायच्या आत अप्पांनी गल्ली सांगितली, घरमालकिणीचं नाव सांगितलं, आणि दाराला निळा रंग आहे हेही सांगितलं. नखं कोणी मागितली नव्हती.

ते दोघे उतरल्यावर मी अप्पांकडे बघितलं.

“पाहुणे निघाले हो आपले,” ते म्हणाले. “पाहुण्यांपासून कसं लपवायचं?” मग विचार करून, “तुम्ही जरा मागोमाग जा. बातमी होईल एखादी.”

मी गेलो. गल्लीत टँकर आला होता. तोंडापासून शेवटपर्यंत बायांची रांग, घागरी, हंडे, डबे. मधोमध सुमन, पुढे रझिया, मागे शोभा. काका रांगेतून घुसला आणि सुमनच्या दिशेने निघाला. त्याला वाटेत पहिली भेटली ती घरमालकीण गंगाबाई.

“ओ, लाईन सोडून कुठं चाललात?”

“ती माझी पुतणी हाय.”

“कोण? ही? ही माझ्या बहिणीची लेक.”

“अहो बाई, लहानाची मोठी केली मी तिला!”

“मंग माझ्या बहिणीनं काय केलं?” गंगाबाई म्हणाली. पुढच्या बाया हसल्या. काका बाजूने पुढे सरकला तर रझियाने घागर आडवी धरली.

“ही माझी बहीण हाय.”

“तू मुसलमानाची ना ग?”

“हाव. सख्खी बहीण हाय.”

रांगेत मोठ्याने हसू उसळलं. या बायांपैकी एकीनेही ‘काळ्या गढीची पोरं’ वाचली नसावी. सुमन गल्लीत येऊन चारपाचच दिवस झाले होते. पण त्यात ती दोन म्हाताऱ्यांची पाण्याची पाळी धरत होती आणि त्यांच्या घागरी दारात नेऊन ठेवत होती, हे मला नंतर कळलं. त्या दोन म्हाताऱ्या काकाच्या पायाशी घागरी मांडून बसल्या आणि हलेनात. काका म्हणाला, पोलीस आणतो.

“आणा,” सुमन पहिल्यांदाच बोलली. “मला अठरा पूर्ण झाली. कॉलेजचा दाखला माझ्यापाशी हाय.”

बिजवराच्या भावाने काकाचा हात ओढला. एवढ्या बायांसमोर उभं राहायला त्याला लाज वाटत होती. टँकरवाल्याने भोंगा वाजवला, रांग पुढे सरकली, आणि काका त्या रांगेच्या बाहेर पडला. पोलीस आले नाहीत. पुढच्या महिन्यात तिघी नांदेडला नर्सिंगला गेल्या. अर्ज तिघींनी मिळून भरले, प्रवेशाला तिघी मिळून गेल्या, आणि सुमनच्या अर्जावर पालक म्हणून गंगाबाईचा अंगठा होता.

मी कार्यालयात परत येऊन अप्पांना सगळं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, मधेमधे टिपून घेत होते. पुढच्या रविवारी ते प्रकरण आलं. मुसळधार पावसात गढीच्या दारात रुद्र एकटा उभा आहे, समोर सावकाराची माणसं, आणि तो म्हणतो, “ही आमची आहे.” टँकर नव्हता, गंगाबाई नव्हती, रझिया नव्हती, म्हाताऱ्या तर नव्हत्याच. वाचकांची पत्रं नेहमीपेक्षा दुप्पट आली.

वर्षं गेली तसा रुद्रही गळाला. कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत अप्पा सांगू लागले की एकदा एक अनाथ मुलगी माझ्या दारात आली, मी तिला पाणी दिलं, आणि तिचे नातेवाईक चालून आले तेव्हा मी दारात उभा राहिलो. हा प्रसंग मी स्वतः दोनदा ऐकला आहे. दुसऱ्या वेळी काकाच्या हातात कुऱ्हाड होती.

एक गोष्ट नाइलाजाने नोंदवायला हवी. ती मुलगी घरातून निघाली ते या भिकार कादंबरीमुळे. आपली माणसं जन्मानेच मिळतात असं नाही, वेगळीही असू शकतात, हे तिला दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं. घरात नाही, शाळेत नाही, आमच्या अग्रलेखांतही नाही. ते हिरव्या शाईतल्या अप्पांनी सांगितलं. हे त्यांचं श्रेय म्हणायचं तर म्हणावं. त्यांना त्यातलं काही करायचं नव्हतं, फक्त लिहायचं होतं.

अप्पांना मी नीट असं शेवटचं पाहिलं ते नांदेडला. माझी बदली तिकडे झाली होती. ते एक दिवस दारात उभे राहिले. कोट तोच, आता खांद्यावर पिवळट. कादंबरीची नवी आवृत्ती निघत होती. समारंभाला व्यासपीठावर सुमनला बसवायचं होतं. “वाचकांना बघू द्या ना,” ते म्हणाले, “की ती मुलगी खरी हाय.” तिचा पत्ता माझ्याकडे होता. मी बरोबर गेलो.

सुमन सरकारी दवाखान्यात सिस्टर झाली होती. शेजारच्या दारावर रझियाच्या नावाची पाटी होती, शोभा वरच्या मजल्यावर. सुमनने आम्हाला ओळखलं, नमस्कार केला, पलंगपोस सारखा करून बसायला सांगितलं. अप्पांनी पुस्तक, समारंभ, प्राचार्य, हार असं सगळं सांगितलं. “तू फक्त दोन शब्द बोलायचे. अप्पांनी मला कसं आपलं म्हटलं, एवढंच.”

“त्या दिवशी माझी ड्युटी हाय,” सुमन म्हणाली.

“तारीख सांगितलीच कुठं मी अजून?”

“कोणतीही असू द्या.”

ती अजिबात रागावलेली नव्हती. आत गेली. तेवढ्यात शोभा ड्युटीवरून आली. आमच्याकडे बघून मान हलवली, चप्पल काढली, कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि उभ्या उभ्या तोंड लावून घटाघटा प्यायली. सुमनची धाकटी मुलगी तिच्या पदराला लोंबकळत होती. शोभाने उरलेलं पाणी त्याच तांब्याने तिला पाजलं.

सुमन बाहेर आली. हातात स्टीलचं ताट, ताटात विणलेला रुमाल, त्यावर काचेचे दोन पेले, वर झाकण्या. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेले असतात ते. तिने वाकून ताट अप्पांपुढे धरलं.

“घ्या पाहुणे,” ती म्हणाली.

अप्पांनी पेला उचलला, पाणी संपवलं, ओठ पुसले. जिना उतरताना त्यांनी माझा दंड धरला. डोळ्यांत पाणी होतं.

“बघितलंत ना?” ते म्हणाले. “विसरली न्हाई पोरगी. आधी पाणी दिलं.”